सत्तावन्न फोटो आणि एक अंगठा

वऱ्हाडात वसंत ऋतू येत नाही, अशी वऱ्हाडातल्याच माणसांची पक्की समजूत आहे. आमच्याकडे ऋतू तीन. एक उन्हाळा, दुसरा पावसाची वाट पाहण्याचा उन्हाळा आणि तिसरा ‘यंदा थंडी म्हणावी तशी पडलीच नाही हो’ असं म्हणण्याचा उन्हाळा. वसंत ही कवींची खाजगी मालमत्ता. ती पुण्याकडे असते, कोकणात असते, शांतिनिकेतनात तर असतेच असते. अमरावती-अकोल्याच्या वाट्याला ती येत नाही.

या समजुतीला पंचांगाचाही थोडा हातभार आहे. पंचांगानं वसंताला चैत्र आणि वैशाख असे दोन महिने नेमून दिले आहेत. ज्यानं कुणी ही वाटणी केली, त्यानं वैशाखातली दुपार अकोल्यात काढलेली नसावी. वैशाखात अकोल्याचं नाव मोठ्या वर्तमानपत्रांत येतं ते पाऱ्याच्या पराक्रमामुळे. संस्कृत काव्यातला तो सुप्रसिद्ध मलयानिल केरळातून निघत असेल चंदनाचा वास घेऊन. पण पूर्णा जंक्शनला गाडी बदलून, हिंगोली-वाशीम करीत अकोल्याच्या फलाटावर उतरेपर्यंत त्याची झळ झालेली असते. डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा, एवढ्या तयारीनंच त्याचं स्वागत करावं लागतं.

तेव्हा वऱ्हाडात वसंत येतो की नाही, हा वादाचा मुद्दा आहे, आणि वाद पुराव्यानं मिटवायचा असतो. असा पुरावा माझ्यासमोर दोन ठिकाणांहून आला. 2025 साली वसंतपंचमी 2 फेब्रुवारीला होती आणि गुढीपाडवा 30 मार्चला. दोन्ही टोकं धरून हे दिवस होतात 57. या 57 दिवसांत रोज एक फोटो काढायचा असं आमच्या नात्यातल्या दोन माणसांनी, एकमेकांना न विचारता, ठरवलं. एक म्हणजे अमरावतीचे आमचे साडभाऊ. दुसरी अकोल्याची आमची मावशी. दोघांचे संग्रह मी पाहिले, आणि त्यांची रीतसर समीक्षा करावी असं मनात आलं. या समीक्षेचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, असं कुणी विचारील. मी स्वतः आजवर एकही फोटो काढलेला नाही. समीक्षकाला एवढी पात्रता पुरते.

आधी साडभाऊंचा संग्रह घेऊ. कारण तो घ्या, घ्या असं तेच म्हणत होते.

साडभाऊ निवृत्त झाले आणि त्यांनी कॅमेरा घेतला. मोठा, काळा, गळ्यात अडकवला की माणूस किंचित पुढे वाकतो असा. शिवाय खिशांचं जाकीट घेतलं. त्या जाकिटाला मी मोजले तेव्हा अकरा खिसे होते आणि त्यातल्या एकात शेंगदाणे होते. पहाटे साडेपाचला स्कूटर काढून हे गृहस्थ कधी वडाळीच्या तलावावर, कधी छत्री तलावावर, तर कधी पोहऱ्याच्या जंगलाकडे निघायचे. संग्रहाला नाव आधीच ठरलेलं होतं: ‘वसंतवैभव’. काही लेखक आधी पुरस्काराचं भाषण तयार करतात आणि मग पुस्तक लिहायला घेतात, त्यातलाच हा प्रकार.

‘वसंतवैभवा’तली चित्रं देखणी आहेत, हे मान्य केलंच पाहिजे. पळसाच्या एका फुलाचा फोटो तर असा आहे, की तो पाहिल्यावर क्षणभर बोलणं थांबतं. पोपटाच्या चोचीसारखा बाक, पाकळीवरची मखमल, आणि मागे सगळं निळसर धूसर. पण क्षणभरानं बोलणं पुन्हा सुरू होतं, आणि मनात पहिला प्रश्न येतो तो असा, की हा पळस कुठला? त्या निळसर धूसरात पोहरा आहे, की पलामू आहे, की नुसता निळा पडदा आहे, काही कळायला मार्ग नाही. कुठेही गेलं तरी पळसाला पानं तीनच, अशी आपल्याकडे म्हण आहे. पळस फुलतो तेव्हा त्याला बहुधा तीही नसतात. साडभाऊंच्या फोटोत तर पळसाचं झाडही नाही, झाडाखालचा रस्ता नाही, आणि धुळवडीसाठी फुलं वेचायला आलेली पोट्टी नाहीत. ती होती. साडभाऊंनीच मला सांगितलं, ‘चार पोट्टे मधे मधे करून राहिले होते, त्यांना आधी हाकललं, मग फोटो काढला.’

इथे माझ्यातला समीक्षक जागा झाला. मी विचारलं, ‘मग त्यांचा का नाही काढला?’

‘त्यांच्यात काय वसंत आहे?’ साडभाऊ म्हणाले.

याच न्यायानं त्यांनी आणखी पुष्कळांना हाकललेलं आहे. विजेच्या तारा हाकलल्या, तलावाच्या काठचा चहाचा ठेला हाकलला, म्हशी हाकलल्या. सत्तावन्न दिवसांत त्यांच्याकडे फोटो जमले एकोणीस. उरलेल्या अडतीस दिवसांचं काय झालं, असं विचारल्यावर ते अगदी सहज म्हणाले, ‘त्या दिवशी काही विशेष नव्हतं हो.’

आता, साडभाऊंच्या घराच्या फाटकाला लागून शेवग्याचं झाड आहे. फेब्रुवारीत ते पांढऱ्या फुलांनी असं लदबदतं, की सकाळी फाटक उघडताना डोक्यावर अक्षता पडाव्यात. साडभाऊ रोज पहाटे त्या अक्षता झेलत स्कूटर बाहेर काढत आणि वसंत शोधायला बारा-पंधरा किलोमीटर जात. केसात अडकलेलं शेवग्याचं फूल घेऊन पोहऱ्याच्या जंगलात वसंताच्या मागावर फिरणारा हा माणूस, हाच खरा फोटो काढण्यासारखा होता. पण तो काढायला तिथे कुणी नव्हतं.

यात साडभाऊंचा एकट्याचा दोष नाही. आपल्या सगळ्या मध्यमवर्गाला फोटोचं हे वळण आगफा क्लिक थ्रीनं लावलेलं आहे. त्या काळी घरात हा डबा असणं म्हणजे प्रतिष्ठा होती. एका रोलमध्ये बारा फोटो, आणि ते बारा वर्षभर पुरवायचे. त्यात एक बारसं, एक मुंज, चिखलदऱ्याची सहल, नवी सायकल आणि बदली होऊन जाणाऱ्या साहेबांचा निरोपसमारंभ. अकरा झाले की बारावा ‘राहू दे, काही विशेष झालं तर’ म्हणून महिनोन्‌महिने डब्यात पडून राहायचा. अशा घरात रोज दारातल्या निंबाचा फोटो कोण काढणार? वडिलांनी आधी निंबाला आणि मग आम्हाला बडवलं असतं. म्हणून आमच्या जुन्या अल्बमात झाडं आहेत ती फक्त माणसांच्या डोक्यांतून उगवलेली. काकांच्या टोपीतून एक फांदी गेली आहे. ती आंब्याची की चिंचेची, यावर गेली चाळीस वर्षं घरात दोन तट आहेत. फोटो हा विशेष प्रसंगाचाच असतो, ही काटकसर रोल गेला तरी अंगातून गेली नाही. आता खिशातल्या फोनमध्ये हजारो फोटो मावतात, तरी आपण ‘काही विशेष नव्हतं’ म्हणून तो बारावा फोटो राखूनच ठेवतो.

मावशीच्या अंगात काटकसर साडभाऊंच्या दसपट आहे, पण ती फोटोंच्या बाबतीत नाही. कारण फोटो फुकट असतो हे तिला फार लवकर कळलं.

मावशी अकोल्यात जठारपेठेकडे राहते. तिचा मुलगा मिशिगनला. परदेशी गेलेल्या मुलांसारखा तोही दर दोन-तीन वर्षांनी डिसेंबरात येतो, कारण तिकडे तेव्हा नाताळची सुट्टी. त्यामुळे झालं असं, की त्याच्या आठवणीतलं अकोला कायमचं हिवाळ्यात जाऊन बसलं. दुलई, हुरडा, वांग्याची भाजी आणि रोडगे. गेल्या बारा वर्षांत त्यानं फाल्गुन पाहिला नव्हता. त्या फेब्रुवारीत त्याच्या दारात गुडघाभर बर्फ असताना तो आईला फोनवर म्हणाला, ‘खिडकीतल्या निंबाचा रोज एक फोटो पाठवत जा.’

‘काहून रे? त्याला काय झालं?’

‘काही नाही. नुसता पाहायचा आहे.’

मावशीनं फार खोलात न जाता होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे वसंतपंचमीला, सकाळी सातला, दूध तापत ठेवून, स्वयंपाकघराच्या खिडकीतून पहिला फोटो काढला. सातच का? तर दूध तेव्हाच येतं. तीच खिडकी का? तर गॅस तिथेच आहे. दूध उतू गेलं तर कोण पाहील? कलेतले मोठमोठे नियम असेच गॅसजवळ तयार होतात, याची आपल्याला कल्पना नसते. एकच जागा, एकच वेळ, एकच चौकट, आणि दिवसाला एकच चित्र. जगातल्या थोर छायाचित्रकारांनी हेच नियम मोठ्या तपश्चर्येनं घालून घेतले होते. प्राग शहरात योसेफ सुदेक नावाचा एका हाताचा छायाचित्रकार होऊन गेला. दुसरा हात पहिल्या महायुद्धात गेला होता. त्यानं 1940 पासून 1954 पर्यंत स्वतःच्या कामाच्या खोलीची खिडकी आणि तिच्याबाहेरचं एक झाड, एवढ्याच गोष्टीचे फोटो पुन्हापुन्हा काढले. बाहेर जर्मनांचा अंमल होता, तो गेला; काचेवर दव आलं नि गेलं. न्यूयॉर्कच्या जेमी लिव्हिंग्स्टननं 31 मार्च 1979 ला रोज एक पोलरॉइड काढायला सुरुवात केली ती 25 ऑक्टोबर 1997 ला, मरणाच्या दिवसापर्यंत चालवली. सहा हजारांवर चित्रं झाली. त्यात मित्र आहेत, जेवणाची ताटं आहेत, आणि पुष्कळ दिवस असे आहेत की ज्या दिवशी काही विशेष नव्हतं. मावशीला मी या दोघांविषयी सांगितलं. तिनं फक्त एवढंच विचारलं, ‘अठरा वर्षं? मंग जेवण कोण करत होतं त्याच्या घरी?’

आता मावशीच्या चित्रांची समीक्षा. त्यांत दोष भरपूर आहेत. चौकट दर दिवशी थोडी डावी-उजवी हलते. खालच्या कडेला साखरेच्या डब्याचं झाकण येतं. आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात, पहिले अकरा दिवस, मावशीचा अंगठा आहे. चित्रकार आपली सही चित्राच्या खालच्या कोपऱ्यात करतात. मावशी चौथी पास. पण सहीऐवजी तिनं वरच्या कोपऱ्यात अंगठा उठवला. बाराव्या दिवशी मुलानं कळवलं, ‘आई, बोट येतंय.’ तेव्हापासून अंगठा गेला आणि त्या कोपऱ्यात समोरच्या घराची गच्ची दिसू लागली. अंगठ्यामागे एक अख्खी गच्ची होती, हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

एकेक फोटो वेगळा पाहिला तर त्यात बघण्यासारखं काही नाही. एक निंब, एक बोळ, एक भिंत, निळे ड्रम. प्रदर्शनात लावला तर लोक शेजारच्या चित्राकडे वळतील. पण मी एके दिवशी मावशीकडे बसून फोनवर ते सत्तावन्न फोटो बोटानं भराभर पुढे सरकवले, आणि बोळ चालू लागला.

पहिल्या फोटोत जवळजवळ अंधार आहे; फेब्रुवारीच्या आरंभी सातला अकोल्यात सूर्य नुकता कुठे तोंड दाखवतो. मग रोज उजेड एकेक वीट चढत जातो, आणि पाडव्याच्या फोटोत त्याच सात वाजता भिंत लख्ख उन्हात उभी आहे. निंब आधी जुनाट, धुळकट हिरवा. चौदाव्या-पंधराव्या फोटोपासून पिवळा पडायला लागतो. बोळात पानांचा सडा, आणि तो झाडणारी समोरची बाई; रोज तिचा चेहरा थोडा अधिक रागीट. थंडी शिवरात्रीला ‘शिव शिव’ म्हणत जाते म्हणतात. शिवरात्र म्हणजे फोटो क्रमांक पंचवीस; त्यात दूधवाल्याच्या डोक्यावरची कानटोपी शेवटची दिसते. त्या दिवशी निंब जवळजवळ उघडा आहे. मग चार-पाच दिवस काही नाही. नुसत्या काड्या. आणि तेहेतिसाव्या फोटोत त्या काड्यांच्या टोकांना तांब्याची भांडी नुकती घासून ठेवावीत तसा रंग. चाळिसाव्या फोटोला होळी, आणि तोवर झाड पोपटी. पाडव्याच्या सकाळी समोरच्या गच्चीवर गुढी आहे, गुढीला त्याच निंबाचा डहाळा आहे, आणि झाडावर बारीक पांढऱ्या फुलांचा नुसता भास.

याला वसंत म्हणत नसतील तर कशाला म्हणतात?

शिवाय या वसंतात तारा आहेत, ड्रम आहेत, सगळं आहे. हातगाडीवर आधी मृग बहाराची संत्री येतात, मग गाडी तीच पण वर टरबुजं. समोरच्या गच्चीवर कुरड्या पसरतात. शेजाऱ्यांचा कूलर माळ्यावरून उतरतो, तीन दिवस ओशाळल्यासारखा अंगणात उभा राहतो, चौथ्या दिवशी त्याच्या ताट्या बदलतात. कोकिळेचं मला माहीत नाही, पण कूलरची ताटी बदलली की वऱ्हाडात ऋतू बदलला असं समजायला हरकत नाही. आणि ते निळे ड्रम. पहिल्या फोटोत दोन आहेत. शिवरात्रीला चार. होळीला सहा. पाडव्याला नऊ. नळ आधी दिवसाआड यायचा, मग तिसऱ्या दिवशी, मग पाचव्या. काटेपूर्णेचं धरण महानला आहे, तिथून पाणी येणार तेव्हा येणार. आणि पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखाली पाणी असलं तरी खारट. अकोला, अमरावती, बुलढाणा, तिन्ही जिल्ह्यांतून हा खारपाणपट्टा गेलेला आहे. तेव्हा झाडाला एकेक पान फुटतं आणि दाराशी एकेक ड्रम वाढतो. कवींच्या वसंतात ही दुसरी ओळ नसते. मावशीच्या फोटोत ती आपोआप आली, कारण तिनं कुणाला हाकललं नाही.

असा प्रयोग आपल्याकडे पूर्वी एका मोठ्या माणसानं केलेला आहे. दादासाहेब फाळके 1912 साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले, तेव्हा ‘राजा हरिश्चंद्र’साठी पैसे कुणी देईना. मग त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा मांडला आणि रोज त्या कुंडीचं चित्रण केलं. बी फुटलं, अंकुर वर आला, वेल चढला. ‘अंकुराची वाढ’ ही ती चिमुकली फिल्म. ती पाहून भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला आणि 3 मे 1913 ला हरिश्चंद्र पडद्यावर आला. म्हणजे हरिश्चंद्राच्याही आधी फाळक्यांचा नायक वाटाणा होता. त्यानं एक अक्षर न बोलता, तलवार न उपसता, निव्वळ वाढून दाखवलं आणि सावकाराला पाझर फोडला.

या फिल्मविषयी सरसकट लिहिलं जातं, की रोज एक चित्र, असं महिनाभर, आणि फिल्म झाली मिनिटाभराची. लिहिणाऱ्यांनी गुणाकार केलेला दिसत नाही. मूकपटाच्या काळी सेकंदाला साधारण सोळा चित्रं पळत. महिन्याच्या तीस चित्रांना दोन सेकंदसुद्धा लागणार नाहीत. प्रेक्षकाची शिंक आली तर सबंध चित्रपट हुकायचा. मिनिटाला चित्रं लागतात नऊशे साठ, म्हणजे रोजची बत्तीस. रोज दोन सेकंद हँडल फिरवायचं, आणि उद्यापर्यंत थांबायचं. हँडल सोपं आहे. थांबणं अवघड. ज्या दिवशी वाटाण्याला काहीच झालं नाही, त्या दिवशीही फाळक्यांनी हँडल फिरवलं म्हणून तो वाढताना दिसला. ‘आज काही विशेष नाही’ म्हणून ते दिवस गाळले असते तर पडद्यावर वाटाणा उड्या मारत गेला असता, आणि सावकार उठून गेले असते.

साडभाऊंचे अडतीस दिवस इथे गळाले. त्यांच्या एकोणीस फोटोंत वसंत उड्या मारतो. एका चित्रात फूल नाही, पुढच्यात फूल आहे. मध्ये काय झालं ते साडभाऊंना माहीत नाही, कारण तेव्हा ते झोपले होते. दुर्गाबाई भागवतांनी ‘ऋतुचक्र’ लिहिलं तेव्हा त्यांच्या हातात कॅमेरा नव्हता, पण चैत्रापासून एकही महिना त्यांनी ‘काही विशेष नाही’ म्हणून सोडला नाही. नजर म्हणतात ती हीच असावी. ती अकरा खिशांच्या जाकिटात मिळत नाही.

पण हे सगळं कलेपुरतंच राहिलं असतं तर मी एवढं लांबण लावलं नसतं. एके दिवशी मावशीच्या मुलाचा मिशिगनहून फोन आला. तिचा सकाळी सातचा फोटो त्याला आदल्या रात्री मिळतो. उद्याचा निंब तो आज पाहतो. तो म्हणाला, ‘आई, झाडावर चौदा कुणी लिहिलं?’

मावशीनं खिडकीतून पाहिलं. निंबाच्या बुंध्यावर पांढऱ्या रंगात, हातभर उंचीचा, 14 हा आकडा होता. फोटो मागे सरकवून पाहिले. छत्तिसाव्या फोटोत बुंधा कोरा आहे, सदतिसाव्यात आकडा आहे. म्हणजे 9 मार्चच्या सकाळी सातनंतर आणि 10 मार्चच्या सकाळी सातच्या आधी तो कुणीतरी घातला. बोळात सतरा घरं आहेत. झाडणारी बाई रोज त्या बुंध्याला झाडू टेकवून ठेवते. मुलं त्याच बुंध्याला यष्टी समजून क्रिकेट खेळतात. आठवडाभर तो आकडा कुणाला दिसला नाही. तो दिसला बारा-तेरा हजार किलोमीटरवर बर्फात बसलेल्या माणसाला.

मग बोळात चर्चा झाली. कुणी म्हणालं, झाडांची गणती आहे. कुणी म्हणालं, तारांसाठी फांद्या छाटायच्या असतील. तिसऱ्यानं अगदी आवाज खाली आणून सांगितलं, रस्ता रुंद होणार आहे. मावशी दोन कचेऱ्यांत जाऊन आली. तिथे तिनं फोनमधले फोटो ओळीनं दाखवले. आकडा कधी पडला ते तारखेनिशी सांगितलं. दोन्ही ठिकाणी फोटोंचं कौतुक झालं. आकडा आमचा नाही, असंही दोन्ही ठिकाणी सांगितलं. हे लिहीपर्यंत आकडा जागेवर आहे आणि झाडही.

मला त्या आकड्यावरून अमरावती-अकोला रस्ता आठवला. 2022 च्या जूनमध्ये या रस्त्यावर 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत सलग घातला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. साडेचार दिवसांत रस्ता! आता लोणी, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू नुसती पाट्यांवरून कळतात. रस्ता उत्तम आहे, मी त्यावरून जातो आणि वेळ वाचतो म्हणून खूशही असतो. पण जुन्या, अरुंद रस्त्याच्या कडेला निंब-बाभळीची झाडं होती, एस.टी. नादुरुस्त झाली की सगळी बस ज्यांच्या सावलीत उतरून बसायची ती. त्या झाडांचा एकही फोटो कुणाकडे असल्याचं मी ऐकलेलं नाही. इतकी वर्षं आम्ही त्या खिडक्यांतून पाहत गेलो, आणि रोज आमचं म्हणणं एकच होतं, की काही विशेष नाही. रस्त्याची नोंद मिनिटांपर्यंत झाली. झाडं कोणत्या दिवशी गेली ते कुणाला सांगता येणार नाही.

मावशीच्या निंबाचं तसं होणार नाही. उद्या त्याचं बरंवाईट झालंच, तर कोणत्या सकाळी तो होता आणि कोणत्या सकाळी नव्हता, हे तरी ठामपणे सांगता येईल. एवढ्यानं झाड वाचत नाही, हे मलाही कळतं. पण ‘इथे झाड होतंच कुठे?’ असं कुणाला म्हणता येणार नाही. सरकारदरबारी हे वाक्य फार चालतं, आणि त्याला उत्तर म्हणून पळसाच्या फुलाचा धूसर फोटो उपयोगाचा नसतो. तिथे साखरेच्या डब्याच्या झाकणासकट काढलेला, तारीखवार, कुरूप फोटोच लागतो.

तेव्हा समीक्षकाचा निकाल असा. साडभाऊंचा पळस भिंतीवर लावावा. तो सुंदर आहे आणि आल्यागेल्याला दाखवायला बरा. पण वऱ्हाडात वसंत येतो की नाही, या खटल्यात साक्ष मावशीची धरावी. वसंत येतो. तो कूलर आणि ड्रम यांच्यामधल्या जागेतून, रोज एक वीट, एक पान असा येतो, आणि सत्तावन्नपैकी अडतीस दिवस तर ‘काही विशेष नाही’ या नावाखाली येतो. त्याला पाहायला पोहऱ्याला जावं लागत नाही. रोज सातला एका जागी उभं राहावं लागतं, आणि दूध उतू जाऊ द्यायचं नसतं.

साडभाऊंना हा निकाल मी वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत. यंदा मात्र त्यांनी शेवग्याचा एक फोटो काढला म्हणे. झाडाखालची स्कूटर आधी बाजूला केली होती.

मावशीचं काम पाडव्याला संपायला हवं होतं. मुलगाही म्हणाला, ‘आई, पुरे आता, वसंत आला.’ पण दुसऱ्या दिवशी सकाळी सातला अठ्ठावन्नावा फोटो आलाच. निंब, भिंत, बुंध्यावरचं चौदा, नऊ ड्रम. आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात, सत्तेचाळीस दिवसांनी, अंगठा. मी काळजीनं फोन केला.

‘अरे, नळ आला होता,’ मावशी म्हणाली. ‘एका हातात पाइप धरू का तुमचा वसंत धरू?’